पोतनीसांनी रंगवलेली बीएमएक्स

कारेलीबागेतल्या त्या सोसायटीत लक्ष्मीकांत पोतनीसांना सगळे ‘ड्रॉइंगवाले काका’ म्हणत. मकरपुऱ्याच्या इस्टेटीत पंप बनवणारी एक कंपनी होती. तिथे पोतनीसांनी बत्तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहून काढली. पंपाचा एकूण एक भाग त्यांच्या पेन्सिलीतून कागदावर उतरलेला. पण त्यांतला एकही त्यांनी कधी हातात पाना घेऊन खोललेला नव्हता. घराण्यात हात काळे करायची रीतच नव्हती. आजोबा संस्थानच्या हुजूर कचेरीत होते, वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. कारखान्याची पायरी चढणारे लक्ष्मीकांत घरातले पहिलेच, आणि तेही कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. कंपनीची बस संध्याकाळी नाक्यावर सोडायची तेव्हा सकाळी निघताना जसे होते तसेच ते घरी येत.

शहाण्णव साली ड्रॉइंग ऑफिसात एक काचेची केबिन उभी राहिली. तिच्यात थंड हवा आणि दोन संगणक. तिथे बसणारी पोरं कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. पोतनीसांनीही शिकून पाहिलं. सहा महिने जेवणाच्या सुट्टीत ते त्या केबिनमध्ये जाऊन बसत होते. पण जी रेघ बोटांना न बघता ओढता येत होती, ती आता आकडे टाकून मागावी लागायची. त्यांच्या डोक्यातून ती बोटांपर्यंत यायचीच नाही. दोन हजार दोन साली जादा ठरलेल्या माणसांची यादी लागली. निवृत्तीला ‘स्वेच्छा’ म्हणायची पद्धत होती, म्हणून पोतनीसांनी स्वेच्छेने सही केली. शेवटच्या दिवशी त्यांनी पाहिलं, त्यांचा बोर्ड शेडच्या भिंतीला उलटा टेकवून ठेवला होता आणि त्यावर कुणीतरी ओली फडकी वाळत घातली होती.

मग घर. मोहनाबाई, त्यांची पत्नी, तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला होत्या. त्या गेल्या की दुपार अंगावर यायची. पोतनीस पेपर दोनदा वाचत, झोपाळ्यावर बसत, उठत. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शिकवणी काढावी म्हणून फाटकावर पाटी लावली, तर दोन मुलं येऊन विचारून गेली, “अंकल, कम्प्यूटरवर शिकवता का?” पाटी त्यांनी स्वतःच काढली.

रिकामा माणूस मागे बघायला लागतो. पोतनीसांना मागे पाहिलं की एकच गोष्ट दिसायची : ध्रुव.

ध्रुव हा त्यांचा एकुलता एक मुलगा. दोन हजार एक साली शिकायला म्हणून मेलबर्नला गेला तो तिथलाच झाला. दर रविवारी सकाळी फोन करायचा. आईशी अर्धा तास बोलायचा. त्यात हसणं असायचं, भाज्यांची नावं असायची, तिकडच्या थंडीची तक्रार असायची. मग आई म्हणायची, “बाबांशी बोल,” आणि रिसीव्हर हातात यायचा.

“हां बाबा. बरे आहात?”

“बरा आहे. तू?”

“मी बरा आहे.”

एवढ्यावर संपायचं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. पण पोतनीसांना कळत होतं की मधे काहीतरी तुटलंय. बत्तीस वर्षं त्यांनी चुकलेल्या नकाशात माप कुठे बिघडलं ते शोधून काढलं होतं. इथेही ते शोधत बसले, आणि शोधता शोधता त्र्याण्णव सालापाशी येऊन थांबले.

एकोणनव्वदच्या दिवाळीत त्यांनी ध्रुवला बीएमएक्स सायकल आणली होती. पोरगं दहा वर्षांचं. त्या वर्षी सोसायटीत तीन घरी तशा सायकली आल्या होत्या. बुटकी चाकं, खडबडीत जाड टायर, उंच हँडल, हँडलच्या आडव्या दांडीला स्पंजची गादी. पिवळीधमक. मुलं विटांवर फळी टाकून तिच्यावरून उड्या मारायची. मग नववीत ध्रुवला सहामाहीला गणितात एकतीस मार्क पडले आणि पोतनीसांनी संध्याकाळी सायकल उचलून माळ्यावर टाकली. “दहावी होईपर्यंत नाव काढायचं नाही.” पोरगं दाराशी उभं होतं. रडलं नाही, काही बोललं नाही. दहावी झाली, बारावी झाली; ना ध्रुवने सायकल मागितली, ना यांनी ती उतरवली. त्या संध्याकाळपासूनच मुलगा आपल्याशी बोलायचा थांबला, असं पोतनीसांचं पक्कं झालं. चूक सापडली होती.

दोन हजार सातच्या नवरात्रात ध्रुवचा फोन आला की जानेवारीत उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, तो आणि अवनी येताहेत. अवनी ही त्याची बायको. चार वर्षांनी येत होता. मोहनाबाई त्याच क्षणी फराळाच्या यादीला लागल्या. पोतनीसांनी मात्र स्टूल आणलं आणि माळ्याचं दार उघडलं.

“अहो, काय काढताय?”

“सायकल.”

मोहनाबाईंनी स्टूल धरलं. वरून धुळीचा लोट आला, पाठोपाठ सायकल. टायर चिरून वाळल्या कणकेसारखे झाले होते. गादीला हात लावला तर स्पंजचा चुरा पडला. चेन गंजून एक सळई झाली होती, आणि पिवळ्या रंगाखालून जागोजागी तपकिरी फोड वर आले होते.

“भंगारवाल्याला द्यायची ना शेवटी?” मोहनाबाई म्हणाल्या.

“नाही. नीट करणार. ध्रुव यायच्या आत.”

“कोण? तुम्ही?”

मोहनाबाईंच्या मनात तसं काही नव्हतं, पण तो ‘तुम्ही’ पोतनीसांना लागला.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर सायकलीचं ड्रॉइंग काढलं. अंगणात सायकल उलटी ठेवून पट्टीने मापं घेतली आणि जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून तीन बाजूंनी नकाशा उतरवला. प्रत्येक भागाला नंबर, खाली उजव्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत स्वतःची सही. दोन दिवस गेले त्यात. पाच वर्षांनी हातात पेन्सिल आली होती. टेबल मोकळं नव्हतं म्हणून मोहनाबाई दोन दिवस ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवल्या.

मग खरं काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी त्याने पोतनीसांना जमिनीवर आणलं. पायडलचा दांडा मधल्या आसाला एका पाचरीसारख्या पिनेने धरलेला असतो. कागदावर ती पीन म्हणजे अर्ध्या इंचाच्या दोन रेघा. प्रत्यक्षात ती चौदा वर्षांच्या गंजाने तिथे रुतून बसली होती. रॉकेल ओतलं, ठोकलं, पुन्हा ओतलं. तिसऱ्या दिवशी हातोडी पिनेवरून सटकून अंगठ्यावर बसली आणि नख काळं झालं. पुढच्या चाकाचा चिमटा खोलताना आतले छर्रे टपटप खाली पडले आणि फरशीवरून घरंगळत तुळशीच्या कुंडीखाली, गटाराच्या जाळीत, कुठे कुठे गेले. एकोणसाठ वर्षांचा माणूस गुडघ्यांवर रांगत ते वेचत होता. शेजारच्या अगाशीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी वरून विचारलं, “काका, शुं खोवाई गयुं?” काय हरवलं म्हणून सांगणार? ते म्हणाले, “काही नाही, काही नाही.”

शेवटी त्यांनी धनाजीरावांना बोलावलं. धनाजीराव कंपनीच्या पेंट शॉपचे फोरमन होते. आता निवृत्त होऊन वाडी भागात राहत होते. हजारो पंपांना निळा रंग त्यांच्या हाताखाली बसला होता. मोठ्याने बोलणारा, मोठ्याने हसणारा माणूस. त्यांनी एका ठोक्यात पीन बाहेर काढली आणि फ्रेम हातात घेऊन फिरवली.

“पोतनीससाहेब, हे काम तुमचं नाही. पण करायचंच म्हणता ना? मग ऐका. रंग मारणं हे दोन आणे काम. चौदा आणे काम घासण्याचं. जुना रंग, गंज, सगळं उतरवून पत्रा आरशासारखा दिसला पाहिजे. इथं आळस केलात तर वर सोनं लावलंत तरी ते सुटून येणार.”

“घासायचं किती दिवस?”

“हात सांगेल,” धनाजीराव म्हणाले.

पोतनीस घासू लागले. रंग उतरवायचं औषध त्यांनी उघड्या हाताने लावलं आणि तळव्याची साल गेली. मोहनाबाईंनी तूप लावून पट्टी बांधली. पट्टीवरून हातमोजा चढवून ते पुन्हा अंगणात बसले. पॉलिश पेपर पाण्यात भिजवायचा, घासायचा, पुसायचा, उन्हात धरून बघायचं. जोडाच्या बेचक्यांत पेपर जात नसे. तिथे दोरीला पेपर गुंडाळून ती मागेपुढे ओढायची. दिवाळी आली आणि गेली. शेजारी रांगोळ्या पडल्या, यांच्या अंगणात तांबडा चिखल. घासता घासता त्यांच्या मनात यायचं, आपण बत्तीस वर्षं कागदाच्या कोपऱ्यात ‘रंग : निळा’ असे दोन शब्द लिहून मोकळे होत होतो. त्या दोन शब्दांसाठी खाली कुणाकुणाचे खांदे किती दुखत होते ते एकदाही जाऊन बघितलं नाही.

गेरूसारखा लाल प्रायमर बसला तो चांगला बसला. मग धनाजीरावांनी ओळखीच्या गॅरेजातून एक लहान कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन आणून दिली. “गन थांबवायची नाही. हात चालता ठेवायचा. लांबूनच फुंकर घालायची, थर नाही लावायचा,” असं दहा वेळा सांगून ते गेले. पोतनीसांनी फ्रेम तारेने पेरूच्या फांदीला टांगली. पहिला हात बरा गेला. पिवळा रंग चढताना दिसला आणि त्यांना राहवलं नाही; आणखी जवळून, आणखी थोडा, आणखी थोडा. दहा मिनिटांत रंगाचे जाड ओघळ फ्रेमवरून उतरले आणि खाली थेंब धरून गोठले.

सगळं पुन्हा घासून काढावं लागलं. दुसऱ्या खेपेला ओघळ आले नाहीत, पण दुपारी वारा सुटला आणि ओल्या रंगावर धूळ आणि चिलटं चिकटून बसली. त्या दिवशी संध्याकाळी मोहनाबाई शाळेतून आल्या तेव्हा पोतनीस पेरूखाली पाटावर बसले होते. मांडीवर फ्रेम, दोन्ही हात पिवळे.

“चहा करू?”

“मोहना, मला एक सायकल रंगवता येत नाही.”

“अहो, नाही तर नाही. रंगवाल्याकडे द्या. उद्या देऊन टाका.”

“तसं नाही चालायचं,” ते म्हणाले. “मी टाकली होती वर. मीच खाली काढून द्यायला पाहिजे.”

मोहनाबाई काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी तोंड उघडलंही. मग “चहा करते” म्हणून आत गेल्या.

तिसऱ्या खेपेला रंग बसला. अगदी कंपनीसारखा नाही. उन्हात तिरकं पाहिलं तर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड दिसायची. पण ओघळ नाही, धूळ नाही. टायरांसाठी ते तीन वेळा लहरीपुऱ्याला जाऊन आले. दुकानदार मान हलवायचे. “काका, आवा टायर हवे कोण मांगे छे?” आता सगळ्यांना गिअरची सायकल पाहिजे होती, या मापाचं मागायला कुणी येत नव्हतं. चौथ्या दुकानात म्हाताऱ्या मालकाने पोटमाळ्यावरून धुळीने भरलेली एक जोडी काढून दिली. स्पंजच्या गादीला मोहनाबाईंनी निळं कापड शिवलं. फ्रेमवरची अक्षरं पोतनीसांनी जुन्या ट्रेसिंग फिल्ममध्ये ब्लेडने कोरली, फ्रेमला चिकटवली आणि वरून काळा रंग मारला. साऱ्या कामात तेवढाच एक तास असा गेला की त्यांचा हात चुकला नाही. फिल्म सोलून काढल्यावर खालची अक्षरं इतकी धारदार आली की ते स्वतःशीच हसले.

डिसेंबरच्या शेवटी सायकल उभी राहिली. त्यांनी तिच्यावर जुनी चादर टाकली, आणि दिवसातून दोनदा चादर उचलून बघायला लागले. ध्रुवला काय म्हणायचं तेही ठरलं. चार वाक्यं होती. झोपाळ्यावर बसून ते ती मनात म्हणत : ध्रुव, नववीत मी तुझी ही सायकल काढून घेतली. तू लहान होतास. चूक माझी होती. मला त्याचं फार वाईट वाटतं.

“फार आशा धरू नका हो,” मोहनाबाई एकदा म्हणाल्या.

“का? काय झालं?”

“काही नाही. सहज म्हटलं.”

ध्रुव आणि अवनी बारा जानेवारीला आले. ध्रुव अंगाने भरला होता, कानशिलांवर एकदोन केस पांढरे. त्याने वाकून नमस्कार केला. जेवणं झाली, पिशव्या उघडल्या गेल्या, आईसाठी आणलेला स्वेटर अंगावर धरून झाला. मग पोतनीस त्याला अंगणात घेऊन गेले आणि त्यांनी चादर काढली.

“अरे!” ध्रुव म्हणाला. “ही अजून आहे? अवनी, इकडे ये. बघ, माझी लहानपणची सायकल.”

“बाबांनी स्वतः केलीय सगळी,” मोहनाबाई दारातून म्हणाल्या. “तीन महिने लागले होते.”

“हो? छान झालीय, बाबा. खरंच. एकदम नवी.” त्याने मोबाइल काढून दोन फोटो घेतले.

पोतनीस पुढे झाले. त्यांनी चारही वाक्यं म्हटली. मध्ये एकदा अडखळले, पण म्हटली.

ध्रुव त्यांच्याकडे बघत राहिला. “नववीत? कधी काढून घेतलीत?”

“सहामाहीनंतर. माळ्यावर टाकली होती. तू दाराशी उभा होतास.”

“असेल. मला खरंच आठवत नाही.” मग तो हसला. “आणि खरं सांगू का बाबा? मला ती आवडायचीच नाही. समोरचा सिद्धार्थ वगैरे उड्या मारायचे आणि मला मारायला लावायचे. मी जाम घाबरायचो. दोनदा हनुवटी फुटली. तुम्ही माळ्यावर टाकली असेल तर मी सुटलोच म्हणायचं.”

अवनीही हसली. ध्रुवने त्यांच्या खांद्यावर थोपटलं, जसं ओळखीच्या वयस्कर माणसाला थोपटतात, आणि आत गेला. पोतनीस चादर हातात धरून उभे होते. तिची घडी कशी घालायची ते त्यांना सुचेना. ज्या चुकीवर त्यांनी पाच वर्षं बोट ठेवून ठेवलं होतं, ती चूक नव्हतीच. मग काय होतं?

ते त्यांना तीन दिवसांनी कळलं.

उत्तरायणाचा दुसरा दिवस होता, वासी उत्तरायण. सकाळपासून सगळ्या अगाश्यांवर पतंग उडवणाऱ्यांचा आरडाओरडा चालू होता. अकराच्या सुमारास धनाजीराव उंधियूचा डबा घेऊन आले. त्यांना सायकल पूर्ण झालेली बघायची होती, ध्रुवलाही भेटायचं होतं. सगळे अंगणात जमले. धनाजीरावांनी फ्रेमवरून हात फिरवला आणि म्हणाले, “वाह! साहेब, पास! पेंट शॉपमध्ये घेतलं तुम्हाला.”

पोतनीस सुखावले. कितीतरी दिवसांनी कुणी त्यांना पास केलं होतं. ते म्हणाले, “भंगारात जायचा माल होता, धनाजीराव.”

“अरे, रिजेक्ट माल!” धनाजीरावांना एकदम काहीतरी आठवलं आणि ते पोट धरून हसायला लागले. “आठवतं का साहेब? ह्या ध्रुवला तुम्ही काय म्हणायचात? आम्ही घरी आलो की तुम्ही त्याला आतून हाक मारायचात. तो आला की म्हणायचात, हे बघा, आमचं रिजेक्ट पीस! इन्स्पेक्शनला नापास! लाल रंग मारून मागच्या ढिगावर टाकायचं बाकी आहे! आणि आम्ही सगळे असे हसायचो, असे हसायचो…”

कंपनीत बिघडलेल्या भागांवर लाल फराटा मारून ते मागच्या आवारात ढिगावर टाकत असत. हे तिथल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. घरातल्या पोरालाही माहीत झालेलं होतं.

“हो, काका,” ध्रुव म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. “तोच मी.”

धनाजीराव अजून हसत होते. अवनीने ध्रुवकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, आणि ती खाली बघायला लागली. मोहनाबाई डबा रिकामा करून आणते म्हणत आत गेल्या.

धनाजीराव गेल्यावर पोतनीस अगाशीवर गेले. ध्रुव एकटाच कठड्याशी उभा होता. आजूबाजूला गच्च्यांवर ढोल, शिट्ट्या, पतंग कटला की “काप्यो!” अशा आरोळ्या. दोघांनाही जरा मोठ्याने बोलावं लागत होतं.

“ध्रुव, मी असं म्हणायचो?”

“हो.”

“कितीदा?”

“कुणीही आलं की. आठवी-नववीपासून बारावीपर्यंत. बेल वाजली की मी बाथरूममध्ये जाऊन बसायचो. तुम्ही हाका मारत राहायचात. शेवटी यायलाच लागायचं.”

“अरे, मी गमतीने…”

“माहीत आहे मला. गमतीनेच. म्हणून तर मला कधी रागावताही आलं नाही.”

पोतनीसांना काहीतरी म्हणायचं होतं. ज्या वाक्यांची त्यांनी एवढी तयारी केली होती ती सायकलीवर वापरून झाली होती. तीच वाक्यं पुन्हा कशी म्हणणार? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, त्यांना ते आठवतच नव्हतं. बेल आठवत होती, चहाचे कप आठवत होते, धनाजीरावांचं हसणं आठवत होतं. त्या हसण्याच्या मधोमध उभं असलेलं पोरगं कितीही ताणलं तरी डोळ्यांपुढे येत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या पतंगाचा मांजा ध्रुवच्या खांद्यावर येऊन पडला. तो सोडवत तो म्हणाला, “चला बाबा, आई जेवायला बोलावतेय.” खालून कुणीही बोलावत नव्हतं.

दुपारी स्वयंपाकघरात त्यांनी मोहनाबाईंना विचारलं.

“म्हणायचात,” त्या म्हणाल्या. त्या भांडी पुसत होत्या; थांबल्या नाहीत.

“मग तू कधी मला सांगितलं का नाहीस?”

“एकदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पोराचं कातडं जरा जाड व्हायला हवं. मग मी गप्प बसले. पुढे पुढे मीही हसायचे. चार माणसं हसतात, त्यात एकटीने तोंड पाडून कसं बसायचं?” त्यांनी पातेलं पालथं घातलं. “आणि तुम्ही सायकल काढलीत तेव्हा वाटलं, असू दे. तुम्हाला असं वाटतंय ना की सायकलीमुळे झालं, तर तसंच वाटू दे. हे कळण्यापेक्षा ते बरं.”

“त्याने तुला सांगितलं होतं?”

“तो कशाला सांगेल? मी तिथेच तर होते.”

अठरा तारखेला चांगलं लख्ख उजाडल्यावर अहमदाबादच्या विमानतळासाठी टॅक्सी आली. ध्रुवने वाकून नमस्कार केला. “जपा, बाबा. गोळ्या वेळेवर घ्या.” पोतनीसांनी त्याचा दंड धरला. “ध्रुव…” म्हणाले. तेवढ्यात ड्रायव्हरने विचारलं की मोठी बॅग वर बांधू का मागे ठेवू, आणि ध्रुव तिकडे गेला. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते फाटकात उभे होते.

त्यांनी पत्र लिहिलं. सात वेळा लिहून फाडलं, आठव्यांदा टाकलं. मुलाला पाठवायचं पत्र त्यांनी त्यांच्या त्या सुंदर, एकसारख्या ड्रॉइंगच्या अक्षरांत लिहिलं होतं. तसं लिहायचं नव्हतं, पण दुसरं अक्षर त्यांना येत नव्हतं. तीन आठवड्यांनी रविवारी मोहनाबाई फोनवर “बरं, सांगते” म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर त्यांनी सांगितलं, “तुमचं पत्र मिळालं म्हणाला.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

एप्रिलमध्ये धनाजीराव आले. त्यांच्या नात्यात कुणाकडे तशीच एक जुनी बीएमएक्स पडून होती. “साहेब, आता तुमचा हात बसलाय. करता का? मी मदतीला आहे.” पोतनीस नको म्हणाले. का म्हणून धनाजीरावांनी विचारलं तेव्हा पाठ दुखते असं सांगितलं. धनाजीरावांना कधीच कळलं नाही की त्या दिवशी अंगणात काय झालं. पोतनीसांनी सांगितलंही नाही. त्यांच्यावर रागावणं शक्य नव्हतं. ते नुसते हसले होते. वाक्य पोतनीसांचं होतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी मोहनाबाईंना सांगितलं, सायकल कुणाला तरी देऊन टाक. शेजारी कामाला येणारी बाई घेऊन गेली. ती फाटकातून नेताना पोतनीस आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. हत्यारं त्यांनी खोक्यात भरली. सायकलीचं ड्रॉइंग गुंडाळी करून कपाटावर टाकलं.

त्यानंतर त्यांना नवी सवय लागली. घरी कुणीही आलं की बोलायच्या आधी ते थांबत. मनातल्या मनात आधी वाक्य तपासत. तोवर समोरच्याचं बोलणं पुढे गेलेलं असायचं. हळूहळू लोक म्हणू लागले की ड्रॉइंगवाले काका फार अबोल झाले, वय झालं. घरी येणं-जाणंही कमी झालं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मोहनाबाई न्हायला गेल्या होत्या आणि फोन नेहमीपेक्षा लवकर वाजला. पोतनीसांनी उचलला.

“ध्रुव, मी बोलतोय.”

“हां बाबा. बरे आहात?”

“बरा आहे.” त्यांनी दम घेतला. “ध्रुव, मी ते जे म्हणायचो ना, तुला, सगळ्यांसमोर…”

“बाबा, नका ना. प्लीज.” पलीकडे कुठेतरी पाण्याचा नळ चालू होता, तो बंद झाला. “तुम्ही उगीच त्रास करून घेताय. मला आता त्याचं काही वाटत नाही. खरंच काही वाटत नाही. तुमचं पत्र वाचलं, तेव्हाही काही वाटलं नाही.”

तो समजूत घालत होता. आवाजात जराही कडवटपणा नव्हता. पोतनीस रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभे होते. रागाचा एखादा शब्द आला असता तर त्यांनी तो धरून ठेवला असता.

“आई आहे का?”

“न्हायला गेलीय. दहा मिनिटांत येईल.”

“मग मी नंतर करतो.”

मोहनाबाई ओले केस पंच्यात गुंडाळून बाहेर आल्या. “कुणाचा होता?”

“ध्रुवचा. परत करतो म्हणाला.”

त्या केस पुसत फोनपाशी खुर्ची ओढून बसल्या. पोतनीस झोपाळ्यावर बसले, पण त्यांनी झोका घेतला नाही. बारा वाजले, जेवणं राहिली. त्या दिवशी पुन्हा फोन आला नाही.